बाळाची बाटली बंद, आईचा जार चालू!



लग्नाचा मांडव असो, बँक असो, क्लास असो की बाळंतपणाचा दवाखाना, कोपऱ्यात वीस लिटरचा निळसर जार उपडा घातलेला असतोच. दुपारभर टेम्पोत उन्हात तापलेला, घासून घासून चरे पडलेला, पुन्हापुन्हा भरलेला. यातले कडक, पारदर्शक जार बहुधा पॉलीकार्बोनेटचे असतात. हे प्लास्टिक बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, वापरून बनतं. जार तापला, जुना झाला की त्यातलं थोडं थोडं बीपीए पाण्यात उतरतं.

हे बीपीए आहे काय? 1936 साली लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेन शोधत होते. त्यांनी तपासलेल्या रसायनांत बीपीए होतं. ते स्त्री-हार्मोनसारखं काम करतं, पण कमजोर आहे, असं त्यांना दिसलं. दोन वर्षांनी त्यांना डीईएस हे कितीतरी जोरकस कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं. गर्भपात टळावा म्हणून पुढे कित्येक वर्षं गरोदर बायकांना ते देण्यात आलं. 1971 मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की त्या बायकांच्या तरुण मुलींना योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. गोळी आईने घेतली, भोगलं पोटातल्या पोरीने. आणि बीपीए? ते 1950 च्या दशकात प्लास्टिकच्या कारखान्यात गेलं. हार्मोनची नक्कल करतं हे आधी ठाऊक होतं, जार नंतर आला. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब कुणी सांगू नये.

बीपीए म्हणजे डीईएस नव्हे, आणि जारच्या एका पेल्याने कुणी आजारी पडत नाही. ‘एवढ्याशा अंशाने काय होतंय?’ असं विचारणाऱ्यांनी मात्र हे वाचावं. शरीरातले हार्मोन अत्यल्प मात्रेतच काम करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा वीस हजारपटीने खाली आणली. जर्मनीच्या संस्थेला हे पटलं नाही, पण तिचा स्वतःचा आकडाही जुन्या मर्यादेच्या वीसपट खाली आहे! भांडण आहे ते किती खाली जायचं यावर. युरोपीय संघाने तर अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीच घातली. ती जानेवारी 2025 पासून लागू झाली असून उद्योगांना बदलासाठी मुदत दिली आहे.

आपल्याकडे? बाळाच्या दूधबाटलीत पॉलीकार्बोनेट नको, असं भारतीय मानकाने 2015 मध्येच ठरवलं. उत्तम. मग तेच बाळ पोटात असताना त्याची आई ज्या जारचं पाणी पिते, त्याचं काय? अवयव घडतात ते तेव्हाच. जन्माआधी नऊ महिने बाळ नागरिक नसतं काय?

एक फसवणूकही ओळखून ठेवा: ‘बीपीए-फ्री’ची चिठ्ठी. बीपीए काढून तिथे त्याचंच भावंड बीपीएस घालता येतं, आणि तेही इस्ट्रोजेनसारखं वागतं. एटीएमची आणि दुकानातली गुळगुळीत पावती याचंच उदाहरण आहे. तिच्यावरच्या लेपातलं रसायन बोटांना लागतं, सॅनिटायझरने ओल्या हातांना जास्तच. दिवसभर पावत्या फाडणाऱ्या काउंटरवरच्या मुलींना हे कुणी सांगितलंय?

आणि कृपा करून ‘स्टीलचा डबा वापरा’ हा घरच्या बाईला केलेला उपदेश आता पुरे. डबा ती बदलेल. कचेरीतला जार, दवाखान्यातला जार ती कशी बदलणार?

आमचं मागणं स्पष्ट आहे. पाण्याच्या जारमध्ये पॉलीकार्बोनेट बंद करा. सरकारी दवाखाने, अंगणवाड्या आणि शाळा यांच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक जारवर प्लास्टिकचं नाव मराठीत छापा. एकेक रसायन वेचत बसू नका, बिस्फेनॉलचं सगळं घराणंच बंदीखाली आणा.

जारवाला दारात आला की जार उलटा करून तळ पाहा. त्रिकोणात 7 असेल तर ते ‘इतर’ प्लास्टिक, आणि पॉलीकार्बोनेट त्यातच मोडतं. नेमकं कोणतं, ते पुरवठादाराला विचारा. तो सांगत नसेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाला विचारा, आणि उत्तर लेखी मागा.