उपकार मानायचे तर नावं घेऊन

डिसेंबर संपत आला की परदेशातल्या आपल्या मंडळाच्या गटावर आभाराचे संदेश सुरू होतात. तब्येत, नोकरी, मुलांचे निकाल, नवं घर, सगळ्यासाठी देवाचे आभार. मी ख्रिस्ती आहे, प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो: एवढ्यानं उपकारस्तुती होत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो. आपण इतरांसारखे पापी नाही, याबद्दल! येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो मागे उभा राहून छाती बडवणारा, लोकांच्या नजरेत पापी असलेला जकातदार. म्हणजे आभाराची प्रार्थनाही फसू शकते. नुसतं स्वतःचं बरं मोजत गेलं की ती फसतेच.

दुसऱ्यांची नावं घेऊन आभार कसे मानायचे, ते मी आजीकडे पाहिलं. माझं आजोळ कर्नाटकातल्या सुप्याचं. आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात, त्याला आमची जुनी माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं ते गाव 1980च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. गणेशगुडीचं हे धरण 101 मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते आणि तिथं साठवलेल्या पाण्यावर पुढे नागझरीचं मोठं वीजघर चालतं. राज्यातल्या किती घरांत त्यामुळे दिवे लागले! सुप्याची बरीच कुटुंबं रामनगरला आली, त्यांत आजीचंही होतं.

31 डिसेंबरच्या रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपला तरी आजी आम्हाला उठू देत नसे. गुडघे दुखायचे, जानेवारीच्या तोंडावरची थंडी चटईतून वर यायची, आणि ती एकेक नाव घेत राहायची. आधी मेलेल्यांची. मग सुप्याच्या घराची कौलं एकही न फोडता उतरवून देणाऱ्या कुणबी गड्याचं. रामनगरच्या पहिल्या पावसाळ्यात भाताचं बी उधार देणाऱ्या शेजाऱ्याचं. मामाच्या जन्माच्या वेळी रात्री चालत आलेल्या सुइणीचं. यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते, पण तिच्या प्रार्थनेत त्यांना हक्काची जागा होती. देवाला सगळं माहीत असताना नावं कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "देवाक खबर आसा, तुका ना."

गाव बुडाल्याबद्दल मात्र तिनं कधी आभार मानले नाहीत. मानायला हवेत असं तिला कुणी सांगितलं असतं तर ते सांगणंच पाप ठरलं असतं, असंच मी म्हणेन. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलाप काही थोडे नाहीत. देवापुढे रडणं हाही उपासनेचाच भाग आहे. ज्याचं गेलं त्याच्याकडून कृतज्ञता मागू नये. ती मागायची असेल तर ज्यांच्या घरात दिवे लागले त्यांच्याकडे मागावी.

हल्ली कृतज्ञतेची वही लिहा असा सल्ला सगळीकडे मिळतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा नोंदी करणाऱ्यांना आयुष्य अधिक समाधानाचं वाटल्याचं दिसलं. वही जरूर लिहावी. पण वही आपल्यालाच उद्देशून असते. प्रार्थनेत कुणापुढे तरी उभं राहावं लागतं, आणि मंडळीत ती म्हटली की शेजारी ऐकतो. कॅथलिक चर्चमध्ये वर्षाच्या अखेरीस 'ते देउम' हे जुनं स्तुतिगीत म्हणण्याची प्रथा आहे. मेथडिस्टांनी 18व्या शतकात वर्षाखेरीची जागरण-उपासना रुजवली आणि आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांतही त्या रात्री लोक उठून साक्ष देतात. कुणी आजारपणात रक्त दिलं, कुणी फी भरली, हे तिथं चारचौघांत कळतं आणि ऋणाला साक्षीदार मिळतात.

येशूनं दार लावून प्रार्थना करायला सांगितलं, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण ती ताकीद स्वतःचं पुण्य मिरवणाऱ्यांना होती. दुसऱ्याचा उपकार उघड बोलण्यात कसली मिरवणूक? येशूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच मागे फिरला, तोही परका शोमरोनी, आणि तो मोठ्यानं देवाचा गौरव करत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूनं तेव्हा विचारलं.

आपण परदेशी आलो, तेव्हा मागे कुणीतरी थांबलं. आईवडिलांचं औषधपाणी बघणारी बहीण, शेत विकू न देणारा भाऊ, रात्री दवाखान्यात धावणारे शेजारी. आपल्या संदेशांत या माणसांची नावं क्वचितच असतात.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. वर्षाखेरीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं राखून ठेवा. ज्याचा जो देव असेल त्याच्यापुढे, आणि देव न मानणाऱ्यांनी आपल्या सगळ्यांपुढे, एकेका माणसाचं नाव घेऊन त्यानं काय केलं ते सांगा. आणि 1 जानेवारीला त्या माणसाला फोन करा.