परदेशाची नोंद कोण ठेवणार?

रत्नागिरीच्या एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : ‘मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या केरळमधील एका संस्थेत दोन महिने इंटर्नशिप करायची म्हणते. पगार नाही. तिचे वडील कुवेतला, चुलते जहाजावर. माणसे कमवायला बाहेर जातात, त्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे?’

भगिनी, हा अभ्यास तुमच्याच घराचा आहे. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर इथली आपली माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला, जहाजावर, केपटाऊनला आणि पुढे आखातात गेली. त्या कमाईवर घरे, मशिदी, शाळा उभ्या राहिल्या. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ वर आली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. पण व्हिसासाठी कर्ज किती काढले, परत आलेल्याने पुढे काय केले, मागे राहिलेल्या बाईने घर कसे सांभाळले, हे जनगणनेत सापडत नाही.

केरळने ते घरोघर जाऊन विचारले. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ साली स्थलांतराचे पहिले मोठे सर्वेक्षण केले आणि पुढे ते ठरावीक वर्षांनी होत राहिले. त्यामुळे परतणाऱ्यांच्या प्रश्नावर तिथे आकडे हातात घेऊन बोलता येते. या सर्वेक्षणाशी सुरुवातीपासून जोडलेले प्रा. एस. इरुदया राजन आज त्याच शहरात स्थलांतर आणि विकास या विषयाची संस्था चालवतात. आपल्या जवळ, मुंबईत देवनारला, १९५६ पासून लोकसंख्येचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे.

अशा ठिकाणी विद्यार्थ्याला साधीच कामे मिळतात : प्रश्नावली भरून घेणे, मुलाखत शब्दशः उतरवणे, आकडे संगणकात घालणे, जुने अहवाल वाचून टिपण काढणे. पण ऐकलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांतला फरक इथे कळतो. सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची, त्याचे नाव बाहेर फोडायचे नाही, हेही अंगवळणी पडते. आपल्या मुलीला तर ‘सुट्टीवर आले’, ‘व्हिसा संपला’ या शब्दांमागचे सुखदुःख लहानपणापासून ठाऊक आहे.

पगाराबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. फुकट काम ज्यांना परवडते त्यांचीच मुले पुढे जातात, हे आम्हालाही खटकते. म्हणून होकार देण्याआधी लेखी विचारून घ्या : मानधन किंवा प्रवासखर्च मिळेल का, राहण्याची सोय कुठे, मार्गदर्शक कोण, कामाचे तास किती, प्रमाणपत्र मिळेल का. मुलीसाठी आणखी एक : २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती आहे का, हे विचारण्यात संकोच नको. उत्तरे टाळणाऱ्या ठिकाणी पाठवू नका. जाणे नाहीच जमले, तर घरून करता येईल असे काम आहे का तेही विचारा.

उत्तरे समाधानकारक असतील तर तिला जाऊ द्या, असे आमचे मत आहे. निघण्यापूर्वी तिने एक वही घ्यावी आणि पहिली मुलाखत कुवेतला फोन लावून वडिलांची घ्यावी. दुसरी तुमची. इतकी वर्षे घर तुम्हीच चालवले. ते कसे, हे तुम्हाला अजून कोणी विचारलेले नसेल.