उशाशी निजणारा हेर

पत्नीच्या मोबाइलमध्ये तिच्या नकळत एक ॲप बसवून पतीने तिचे व्हॉट्सॲपवरील संदेश परस्पर आपल्याकडे वळवून घेतले आणि घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने जून २०२५ मध्ये तो पुरावा दाखल करून घेण्यास संमती दिली. इंदूर याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत आपल्याकडच्या लेकीबाळीही आहेत. तेव्हा या निर्णयाचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे चौदावे कलम हा त्याचा आधार. वादाचा निकाल लावण्यास उपयुक्त वाटेल तो पुरावा, एरवीच्या पुरावा कायद्यात बसो वा न बसो, घेण्याची मुभा हे कलम देते. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पत्नीचे संभाषण चोरून ध्वनिमुद्रित करणे हा खासगीपणाचा भंग ठरविला होता. परंतु जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मुद्रणे वैवाहिक दाव्यात ग्राह्य मानली.

तथापि पुरावा ग्राह्य ठरणे निराळे आणि हेरगिरी क्षम्य ठरणे निराळे, हे आम्ही मुद्दाम नमूद करू इच्छितो. दुसऱ्याच्या उपकरणात अप्रामाणिकपणे वा कपटाने विनापरवाना शिरकाव करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मूलभूत ठरविलेला खासगीपणाचा हक्क लग्नातल्या अक्षतांबरोबर उधळला जात नाही.

सालाझारच्या राजवटीत पत्रे फोडणारा हात निदान परक्याचा होता. आजचा हेर उशाशी निजतो. मोबाइल पाच-दहा मिनिटे उघडा सापडला तरी त्याचे काम भागते. पुढे संदेश, संभाषणे, जाण्यायेण्याच्या जागा, सारे निमूटपणे त्याच्याकडे पोहोचते. म्हणून मोबाइलचे कुलूप स्वतःपुरतेच ठेवावे आणि आपल्या व्हॉट्सॲपला दुसरे उपकरण जोडलेले नाही ना, हे अधूनमधून तपासावे. अनोळखी ॲप आढळल्यास ते घाईने पुसू नये; आधी सायबर पोलिसांना दाखवावे, कारण तक्रारीचा पुरावा तोच.

परंतु सावधगिरीचा सारा भार पीडितावर टाकून भागणार नाही. न्यायालयाने असा पुरावा जरूर वाचावा. तो कोणत्या वाटेने आला, याचा जाबही त्याच वेळी, तो आणणाऱ्याला विचारावा. अन्यथा संशय हाच घराघरांतला कायदा होईल.