इझ्मिरला चार दिवस, पण इझ्मिर कुठाय?

सहलीची आखणी या विषयात आपण मंडळी कुणाला हार जाणार नाही. अष्टविनायक दोन दिवसांत, महाबळेश्वरचे सगळे पॉइंट एका दिवसात. परत आल्यावर "काय पाहिलंत?" असं कुणी विचारत नाही, "काय काय झालं?" असं विचारतात. प्रतापगड झाला, पाचगणी झाली, वाई राहिली. आणि ती राहिलेली वाई पुढची दहा वर्षं छळत राहते.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या आतेभावाने पाठवलेला प्लॅन. येत्या एप्रिलमध्ये तो, वहिनी आणि आत्या तुर्कस्तानात जाताहेत. इस्तंबूलची गर्दी नको म्हणून एजियन समुद्राकाठचं इझ्मिर निवडलं. निवड झकास. (तुर्कस्तानात जावं की नाही यावरून २०२५ साली आपल्याकडे बरंच वादळ उठलं होतं. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, आज तो विषय नको.) तर प्लॅन असा: पहिला दिवस एफेसस, दुसरा पामुक्काले, तिसरा बर्गामा, चौथा चेश्मेचा समुद्रकिनारा आणि तिथून थेट विमानतळ. इझ्मिरच्या नावापुढे एकच शब्द लिहिलाय, 'मुक्काम'.

दादा, 'मत दे' म्हणालास म्हणून देतो. ही सहल नाही, ही एस.टी. ड्रायव्हरची ड्यूटी आहे.

साधा हिशोब करू. पामुक्काले इझ्मिरहून जाऊन-येऊन जवळजवळ पाचशे किलोमीटर, म्हणजे सहा-सात तास गाडीत. बर्गामा जाऊन-येऊन दोनशेच्या वर. एफेसस आणि चेश्मे प्रत्येकी दीडशेच्या आसपास. चार दिवसांत हजार किलोमीटर! आत्याचं वय एकाहत्तर, गुडघा एकच धड. पामुक्कालेला त्या पांढऱ्या पायऱ्यांवर चपला काढून चालावं लागतं. ती काय करणार? खाली बसून तुमच्या पर्स सांभाळणार.

यावर तुझं उत्तर मला पाठ आहे. "एवढे पैसे खर्चून गेलो, पुन्हा कुठे जाणार आहोत?" हा मुद्दा खोटा नाही. आपल्यासारख्यांना परदेशवारी वर्षानुवर्षं साठवूनच करता येते, आणि आत्याची ही बहुतेक शेवटचीच. पण म्हणूनच मी भांडतोय. पुन्हा जाणार नसू, तर जे पाहू ते धड पाहायला नको का? शेवटच्या पंगतीत माणूस पदार्थ मोजत बसत नाही, चव घेतो.

आणि ज्या शहरात तुम्ही फक्त झोपणार आहात, ते काय आहे हे तरी ठाऊक आहे का? हे जुनं स्मिर्ना. इसवी सन १७८ च्या भूकंपात कोसळलं, तेव्हा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या मदतीने पुन्हा उभं राहिलं. त्या काळचा चौक, म्हणजे अगोरा, आजही भर वस्तीत आहे आणि त्याच्या तळघरातल्या कमानींखालून चालता येतं. तिथून केमेराल्तीचा बाजार पायी गाठता येतो. बाजारात १७४४ सालचा किझलरआसी हान, जुन्या व्यापाऱ्यांचा वाडाच म्हणा ना, त्याच्या अंगणात कपातच उकळलेली कॉफी मिळते. सकाळी बोयोझ खायचा, स्पेनमधून १४९२ साली हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी इथे आणलेला खुसखुशीत, पापुद्र्यांचा प्रकार. त्याच समाजातल्या नेसिम लेवी नावाच्या व्यापाऱ्याने १९०७ साली खालच्या रस्त्यावरून टेकडीवरच्या वस्तीत जायला चक्क लिफ्टचा मनोरा बांधला. दीडशेच्या वर पायऱ्या वाचतात. आत्यासाठीच बांधल्यासारखा आहे!

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब पाहायला आपण ऊर फुटेस्तोवर धावतो, आणि शंभर वर्षांपूर्वीची राख पायाखाली असून विचारत नाही. ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की सैन्य या शहरात शिरलं. १३ तारखेला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या, तुर्की आणि ज्यू वस्त्या वाचल्या. हजारो माणसं धक्क्यावर अडकली, समोर बंदरात बड्या राष्ट्रांच्या युद्धनौका उभ्या होत्या. आग कुणी लावली यावर अजून दोन्हीकडून भांडण आहे. पुढच्याच वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानने करार करून माणसांची अदलाबदल केली, इकडचे बारा लाख तिकडे, तिकडचे साडेतीन-चार लाख इकडे. फाळणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजवावं लागू नये. जळलेल्या जागेवर १९३६ साली क्युल्तुरपार्क ही शंभर एकरांची बाग झाली. मी २०१८ साली तिथे गेलो होतो. मुलं सायकली चालवत होती, म्हातारे बाकांवर बसले होते. तासभर बसून राहिलो. कुठल्याही पॅकेजमध्ये हा 'पॉइंट' नाही.

एफेससला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पण आगगाडीने. बासमाने स्टेशनवरून सेल्चुकला साधी गाडी जाते. हा मार्ग एका ब्रिटिश कंपनीने बांधला, परवानगी १८५६ ची, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली त्याच्या तीनच वर्षांनी. या रेल्वेची स्टेशनं बांधायला आलेला जॉन टर्टल वुड काम सोडून आर्टेमिसचं हरवलेलं देऊळ शोधत बसला, आणि १८६९ साली त्याला ते सापडलं. आज तिथे एकच खांब उभा आहे. एफेससमध्ये वरच्या दाराने शिरायचं आणि उतारावरून खाली यायचं, गुडघे दुवा देतील.

तेव्हा माझा प्लॅन असा. पहिला दिवस कोनाक चौक, १९०१ चा घड्याळाचा मनोरा, बाजार आणि अगोरा. दुसरा दिवस सेल्चुक आणि एफेसस. तिसऱ्या दिवशी लिफ्टचा मनोरा, बाग आणि संध्याकाळी बोटीने कार्शियाका. बोट शहराच्या बसभाड्यासारखी स्वस्त, आणि आत्याला अख्खं आखात बसल्या जागी दिसेल. चौथा दिवस कोरा ठेव. हो, कोरा! त्या दिवशी कुठे जायचं हे आत्याला विचार. प्लॅन करताना तिला कुणी विचारलं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

पामुक्काले राहील. राहू दे. पटलं तर घे, नाही पटलं तर खाली भांडायला जागा आहेच. वहिनींनीही लिहावं, त्यांचं मत मला आधीच ठाऊक आहे!