शून्य पर्सेंटाइल आणि मेरिटचे रखवालदार

नीट पीजीच्या फेऱ्या संपतात, सीट मिळत नाही आणि आपल्या वस्तीतून पहिल्यांदा एमबीबीएस झालेली मुलगी स्वतःलाच विचारते, मी कमी पडले का? वर कुणीतरी टोमणा मारतोच, "तुम्हाला तर आरक्षण आहे, तरी नाही मिळाली?" या टोमण्याचा हिशेब आम्हाला आज चुकता करायचा आहे.

पात्रतेची मूळ अट काय? खुल्या वर्गाला 50 पर्सेंटाइल. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना 40. या दहाच्या फरकावर किती गळे काढले गेले! 2006 साली ओबीसी आरक्षणाच्या विरोधात मेडिकलचे विद्यार्थी दिल्लीत रस्ते झाडायला आणि बूट पॉलिश करायला बसले होते. आपल्या बापजाद्यांचे कष्ट हा त्यांच्यासाठी निषेधाचा देखावा होता. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये, जागा रिकाम्या राहतात म्हणून, केंद्र सरकारने पात्रता सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. म्हणजे उणे गुणवालाही पात्र! तेव्हा ते झाडू आम्हाला कुठे दिसले नाहीत.

का दिसले नाहीत? रिकाम्या जागा कुठल्या होत्या ते पाहा. काही ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीसारख्या, ज्यांत दवाखाना चालत नाही म्हणून कुणी जात नाही. बाकीच्यांत खाजगी आणि अभिमत विद्यापीठांच्या लाखोंच्या फीवाल्या जागा. तिथे नुसती अनामतच दोन लाख, आणि खाजगी अभिमत विद्यापीठांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. शून्य पर्सेंटाइलने दार उघडले ते पैशासाठी. सीट न मिळालेल्या आपल्या मुलीचे गुण त्या दारातून आत गेलेल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त असतील. तिच्याकडे कमी होते ते मेरिट नव्हे. परीक्षेतले गुण म्हणजेच मेरिट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2022 मध्ये ऑल इंडिया कोट्यातले ओबीसी आरक्षण कायम ठेवताना सांगितले आहे.

आता जे यंदा राहिले त्यांच्यासाठी. दुसऱ्या फेरीनंतर नाउमेद होऊन काउन्सेलिंग सोडू नका. तिसरी आणि स्ट्रे फेरी शेवटपर्यंत भरा, डीएनबीच्या जागाही त्यात धरा. पण नको असलेली सीट भीतीपोटी यादीत टाकू नका. स्ट्रेमध्ये मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते, पुढच्या परीक्षेला बंदीही येऊ शकते. केंद्राच्या फेरीला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, राज्याच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र. कागदासाठी हातची सीट गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि ते दुःख नापास होण्यापेक्षा वाईट असते. वर्षभर घरात कोंडून घेण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत अभ्यास झाला तर पाहा. पगार येतो, घरच्यांची नजरही बदलते.

हे झाले ज्याचे त्याने करायचे. खाजगी संस्थांत आरक्षण देता येईल अशी तरतूद 93व्या घटनादुरुस्तीने कलम 15(5) मध्ये केव्हाच झाली आहे. अभिमत विद्यापीठांना ती लागू करणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही. 14 एप्रिलला आपल्या स्टेजवर जो खासदार हार घालायला येईल, त्याला माईक देण्याआधी एवढेच विचारा: तो कायदा कधी मांडणार?