मोबाइलला तांडेल करू नका



गावी फोन केला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ते एआय म्हणतात ना, त्याला विचारलं तर मासळी कुठे लागेल ते सांगेल काय गं?" नाही सांगणार. पण म्हणून ते शिकायचंच नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही मला पटत नाही.

मी नाखव्याच्या घरातली, नोकरीला इंदूरला. इथून मुंबई रस्त्याने जवळपास सहाशे किलोमीटर. समुद्राचा वाससुद्धा नाही, पण एआयची चर्चा भरपूर. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसची मोठी आवारं, सिमरोलला आयआयटी, आणि शहरभर लहानमोठी सॉफ्टवेअरची ऑफिसं. अशाच एका लहान ऑफिसात मी आहे. नवीन पोरं कामाला लागतात त्यांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक पोरगा मिळालेलं काम तसंच्या तसं एआयला देतो आणि आलेलं उत्तर चिकटवतो. चार दिवस साहेब खूश. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो की हिशेब जुळत नाही, आणि याला आपल्याच कामात कुठे काय आहे ते सापडत नाही. दुसरा आधी स्वतः करून बघतो, मग एआयला म्हणतो, यातली चूक दाखव, आणि ती चूक का झाली तेही सांग. सहा महिन्यांनी हा दुसरा एकटा काम सांभाळतो. पहिला अजून विचारतोच आहे. यंत्र दोघांकडे एकच.

आता हे बोटीवर आणून बघा. यंत्राचा सल्ला आपल्याला नवीन नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था कित्येक वर्षं संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती देते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघतात, आणि कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीला जावं ते सांगतात. मराठीतही मिळतं. पण ढग आले की उपग्रहाला खालचं पाणी दिसत नाही, मग त्या भागाची माहितीच येत नाही. आणि तो शब्द नीट वाचा, 'संभाव्य'. अनुभवी तांडेल हा कागद काल पाणी कुठे ओढत होतं, पाण्याचा रंग कसा होता, पाखरं कुठे बसली होती, याच्या शेजारी ठेवून बघतो. नुसत्या कागदावर भरवसा ठेवून निघालं आणि जाळं रिकामं आलं, तर डिझेलचे पैसे नाखव्याच्याच खिशातून जातात.

मोबाइलमध्ये गप्पा मारणारं एआय तर याच्याही पलीकडचं. त्याने समुद्र पाहिलेला नाही, लिहिलेलं वाचलंय. आपल्या खाडीच्या तोंडाशी कुठल्या भरतीला डोल भरते हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही, तर ते वाचणार कुठून? वाईट म्हणजे, ठाऊक नसलं तरी ते बऱ्याचदा गप्प बसत नाही. ठाऊक असलेलं आणि नसलेलं, दोन्ही त्याच तोऱ्यात सांगतं.

म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या, आणि तीही आपल्याला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीत. महाराष्ट्रात पापलेट किती मोठं झाल्यावर धरायचं, हे विचारा. २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले, पापलेटचा १३५ मिलिमीटर. किंवा विचारा, मासेमारीला शेतीचा दर्जा आहे का? आपल्या राज्य मंत्रिमंडळाने तो निर्णय २२ एप्रिल २०२५ ला घेतला. एआयचं शिक्षण त्याच्या आधी थांबलेलं असेल तर ते बिनधास्त "नाही" म्हणेल, आणि त्या उत्तरावर विसंबून कोणी बँकेतून परत फिरला तर नुकसान त्याचं. शासन निर्णयाचा कागद समोर ठेवून उत्तर ताडून बघायची सवय लावा.

कामाचं मात्र पुष्कळ आहे. बोटीच्या विम्याची पॉलिसी इंग्रजीत असते, सही करताना कोण वाचतं? तिचा फोटो द्या (नाव-नंबर झाकून) आणि विचारा की कुठल्या वेळी भरपाई मिळणार नाही, आणि ते कुठल्या कलमात लिहिलंय. मग ते कलम पोराकडून वाचून घ्या. परवाना अधिकाऱ्याला अर्ज लिहायचाय, हंगामभराच्या फेऱ्यांचं डिझेल आणि बर्फ मांडायचंय, सुक्या बोंबलाचा हिशेब आहे, सगळं मराठीत बोलून होतं. आमच्या बायकांनी तर हे आधी शिकावं असं मला वाटतं. बाजारातला हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो आणि कागदावर कधी येत नाही.

दोन गोष्टी मात्र त्याला विचारायच्या नाहीत. हवामान तर अजिबात नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर मोबाइल काहीही म्हणो, बोट बांधून ठेवायची. मे २०२१ चं तौक्ते कोणी विसरलेलं नाही. त्यासाठी हवामान खात्याचा इशारा आहे. आणि आपले जीपीएसचे पॉइंट त्यात टाकायचे नाहीत. आजोबांनी जी जागा सख्ख्या भावाला सांगितली नाही, ती परक्या कंपनीच्या हाती का द्यायची? आधार आणि ओटीपीचं वेगळं सांगायला नको.

मला खरी काळजी पोरांची आहे. जुनी माणसं डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून जागा ओळखायची. मग जीपीएस आलं. बरंच झालं, अंधारात, धुक्यात माणसं घरी आली. पण त्यानंतर शिकलेल्या किती जणांना त्या खुणा ठाऊक आहेत? यंत्र बंद पडलं की बोट कोणाच्या भरवशावर? एआयच्या बाबतीत हे अजून आपल्या हातात आहे. पोरगा विचारायला मोबाइल काढतो तेव्हा त्याला आधी म्हणा, तुला काय वाटतं ते सांग. चुकलं तरी चालेल. मग बघ यंत्र काय म्हणतं, आणि मग तांडेलाला विचार. तिघांचं जुळलं नाही की तिथेच शिकायला मिळतं.

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस बोटी वर असतात. जाळी विणायला मंडळी एकत्र बसतातच. सोसायटीने तेव्हा एक काम करावं असं सुचवते. म्हाताऱ्या तांडेलांना बोलतं करा आणि पोरांनी मोबाइलवर रेकॉर्ड करावं. एआयकडून ते मराठीत उतरवून घ्यावं आणि पुन्हा त्यांनाच वाचून दाखवावं. चुका भरपूर निघतील, आपले शब्द त्याला धड कळत नाहीत. त्या चुका तांडेलांनी सुधाराव्यात आणि शेजारी बसून पोरांनी ऐकावं. जागा आणि पॉइंट वगळायचे, बाकी वही सोसायटीच्या कपाटात. पहिला प्रश्न माझ्याकडून घ्या: उधाणाला आणि भांगाला डोल उचलायची वेळ कशी बदलते, आणि ते तुम्हाला कोणी शिकवलं?