साठीपुढच्या व्यसनालाही उपचार हवा

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, गोंदिया



आशाताई घरोघर जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात तिशीपुढच्या प्रत्येकाला तंबाखू आणि दारूबद्दल विचारलं जातं. साठी ओलांडलेल्यांना आणखी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? ही उत्तरं एकत्र वाचून पुढे उपचार व्हावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पण सालेकसा असो की अर्जुनी-मोरगाव, पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा मिळतोच. ‘बुढ्याचं आता काय राह्यलं, खाऊ द्या,’ असं घरचेच म्हणतात. शास्त्र तसं म्हणत नाही. निकोटिनच्या रोजच्या माऱ्याने मेंदूत त्याला धरून ठेवणाऱ्या ग्राही वाढतात; म्हणून खर्रा चुकला की जीव कासावीस होतो. हा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं.

मोहाच्या दारूचं गणित याहून कठीण. वयाबरोबर शरीरातलं पाणी घटतं, त्यामुळे तेवढीच दारू जास्त चढते. त्यात आपला जिल्हा धानाचा. पॉलिश केलेल्या तांदळात बी-१ जीवनसत्त्व थोडंच उरतं आणि दारू तेही अंगी लागू देत नाही. ते फार कमी झालं की तोल जातो, माणूस गोंधळतो, आठवण कायमची जाऊ शकते. लोक त्यालाच म्हातारचळ म्हणतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके मोजले, त्यांत धूम्रपान आणि अतिमद्यपान दोन्ही आहेत.

रोज पिणारा म्हातारा पाय मोडून भरती होतो आणि दोन-तीन दिवसांनी थरथरत बरळू लागतो. हा दारू एकाएकी तुटल्याचा परिणाम असू शकतो. तो जिवावर बेतू शकतो, पण वेळीच ओळखला तर आवरता येतो.

म्हणून तीन मागण्या. तंबाखू वा दारूसोबत विसराळूपणाचीही नोंद झालेल्या प्रत्येक वृद्धाची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व्हावी. भरती करतानाच दारूबद्दल विचारावं, आणि जुन्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये, हे घरच्यांना समजावून सांगावं. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ व्यसनमुक्तीचं काम करतं आहे; त्या अनुभवाच्या आधारे आपल्या आठही तालुक्यांत व्यसन उपचाराचा दिवस ठरवावा आणि तिथे वयाची अट नसावी.

पुढच्या वेळी आशाताईंच्या फॉर्मवर एखाद्या सत्तरीच्या आजीच्या नावापुढे ‘खर्रा: रोज’ असं लिहिलेलं असेल, तर त्याच ओळीत उपचाराची तारीखही असावी.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक नागरिक